झाडपाला आणि त्याची नावे : कॅरिबियन लोकवैद्यकाची शब्दांगाने ओळख

१. प्रास्ताविक

मागील घटकात आपण शब्दांचे आदान, अर्थविस्तार आणि लोकव्युत्पत्ती या संकल्पनांचा परिचय करून घेतला. आपल्याच भाषेत या प्रक्रिया इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्यांचे काम सहसा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रस्तुत घटकासाठी मुद्दाम दूरचे क्षेत्र निवडले आहे. कॅरिबियन समुद्रातील बेटे, त्यांना लागून असलेला गयाना व सुरिनाम यांचा किनारा, आणि तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेल्या औषधी वनस्पती, असे हे क्षेत्र आहे. क्षेत्र दूरचे असले तरी त्यातील निम्म्या वनस्पती तुमच्या परसात किंवा कुंडीत सापडतील, हे वाचता वाचता लक्षात येईलच.

या प्रदेशाचे ‘वेस्ट इंडीज’ हे नाव बहुतेकांना क्रिकेटमुळे माहीत असते. १४९२ साली कोलंबस या बेटांवर पोहोचला तो आशियाच्या शोधात. आपण ‘इंडीज’ला पोहोचलो असे समजून त्याने ते नाव दिले, चूक लक्षात आल्यावर त्याला ‘वेस्ट’ हे विशेषण जोडले गेले. ओळखीच्या वस्तूचे नाव अनोळखी वस्तूला देणे ही रीत अशी या प्रदेशाच्या नावातच आहे. वनस्पतींच्या बाबतीत ती पुन्हा पुन्हा घडलेली दिसेल.

नावे देणारी माणसेही एका ठिकाणची नव्हती. ताइनो आणि कालिनागो हे मूळ रहिवासी. त्यांच्यानंतर आलेले स्पॅनिश, इंग्रज, फ्रेंच, डच वसाहतवाले. ऊस आणि कॉफीच्या मळ्यांसाठी पश्चिम व मध्य आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली लाखो माणसे. आणि ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपल्यावर, १८३८ पासून गयानात व १८४५ पासून त्रिनिदाद-जमैकात, करारबद्ध मजूर म्हणून नेलेले भारतीय. ही मजुरांची वाहतूक १९१७ साली थांबली. या मजुरांपैकी बहुसंख्य भोजपुरी-अवधी प्रदेशातले होते. आजारी सगळेच पडत. डॉक्टर मळेवाल्याचा असे, आणि मजुराला पुन्हा कामाला जुंपणे हे त्याचे काम असे. घरचे औषध म्हणजे भोवतालचा पाला. तो पाला ओळखायला, एकमेकांना सांगायला आणि मुलांना शिकवायला नाव लागते. ते नाव औषधाच्या ज्ञानाचाच एक भाग असते, आणि नाव निसटले किंवा फसवे निघाले की त्याची किंमत शरीराला मोजावी लागते, हे या घटकाचे प्रतिपाद्य आहे.

२. ‘बुश’, ‘टी’ आणि आजारांची नावे

जमैकातील क्रिओल भाषेत ‘टी’ या शब्दाचा अर्थ चहापुरता मर्यादित नाही. सकाळी प्यायचे कोणतेही गरम पेय ‘टी’च. कोकोचे पेय म्हणजे कोको-टी, माशाचे पातळ सार म्हणजे फिश-टी, आणि पाल्याचा काढा म्हणजे बुश-टी. अर्थविस्ताराचे इतके स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. मराठीत आपण ‘चहा’ आणि ‘काढा’ वेगळे ठेवले. काढा म्हटले की आजारपण आलेच. जमैकात ती सीमारेषा पुसट आहे. सकाळचा बुश-टी आजारी माणसासाठी असतो तसाच तो निरोगी माणसासाठीही असतो, आणि शब्दानेच ही सोय करून ठेवली आहे.

‘बुश’ या शब्दाला मराठीत ‘झाडपाला’ हा नेमका प्रतिशब्द आहे. दोन्ही शब्दांत थोडी आपुलकी आणि थोडी हेटाळणी एकत्र नांदते. ‘झाडपाल्याचे औषध’ हे शब्द डॉक्टरच्या तोंडी वेगळे ऐकू येतात आणि आजीच्या तोंडी वेगळे. बुश-टी, अंघोळीच्या पाण्यात पाला उकळून केलेले बुश-बाथ, पाला जाणणारा तो बुश-डॉक्टर, अशी या शब्दाची मोठी वंशावळ आहे.

उपचारांचे प्रकार आपल्याला अपरिचित वाटू नयेत. पाने उकळून पिणे, ठेचून लावणे, गरम करून छातीवर किंवा सांध्यांवर ठेवणे, पाण्यात घालून स्नान करणे. शाळेची लांब सुट्टी संपताना मुलांना एरंडेल किंवा सोनामुखी देऊन पोट साफ करण्याची चाल जमैका व त्रिनिदाद येथील अनेक घरांत होती. जमैकात त्याला ‘वॉश-आउट’ म्हणत. रविवारी सकाळी एरंडेल घेऊन बसलेली मराठी मुलांची एक अख्खी पिढी यावर मान डोलवील. त्रिनिदादमध्ये ‘कूलिंग’ नावाचा काढ्यांचा एक वर्गच आहे. रक्तातली ‘उष्णता’ उतरवणे हे त्याचे काम. उष्ण-थंड ही विभागणी जुन्या युरोपीय वैद्यकातही होती आणि भारतीय मजुरांच्या घरातही होती. तेथे हे प्रवाह मिसळले.

आजारांच्या नावांकडेही लक्ष द्या. मधुमेहाला जमैकात ‘शुगर’ म्हणतात, रक्तदाबाला ‘प्रेशर’. ‘त्यांना शुगर आहे’ हे वाक्य आपल्याकडे खेड्यातही ऐकू येते. वैद्यकीय परिभाषेतील लांब संज्ञेतून एकच शब्द उचलायचा आणि त्याच्यावर साऱ्या आजाराचा भार टाकायचा, ही रीत दोन्हीकडे आहे. गवती चहाला जमैकात ‘फीवर-ग्रास’, म्हणजे तापाचे गवत, म्हणतात. आपण नाव दिले ते त्याच्या चहातील उपयोगावरून, त्यांनी दिले ते आजारावरून. पानफुटीचेही तसेच. पानाच्या कडेला कोंब फुटतात हे मराठी माणसाने पाहिले आणि तेच नावात ठेवले. जमैकात तिला ‘लीफ ऑफ लाइफ’, म्हणजे जीवनाचे पान, आणि त्रिनिदादमध्ये ‘वंडर ऑफ द वर्ल्ड’ म्हणतात. मराठी नाव रोप कसे लावायचे ते सांगते. कॅरिबियन नावे त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते सांगतात. सर्दी-खोकल्यासाठी आणि सुजेवर तेथे या पानाचा फार मान आहे.

३. नावे कोठून आली

ताइनो समाज स्पॅनिश सत्तेखाली काही दशकांतच रोगराई, सक्तीची मजुरी आणि हिंसा यांनी उद्ध्वस्त झाला. त्याचे शब्द मात्र इतरांच्या भाषांत राहिले. त्यांतला एक शब्द ‘ग्वायाकान’. हे अत्यंत जड आणि कठीण लाकडाचे झाड. सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात उपदंशाची साथ पसरली होती, आणि या लाकडाचा काढा तिच्यावर रामबाण म्हणून विकला जाऊ लागला. उलरिख फॉन हुटेन या जर्मन विद्वानाने १५१९ साली या औषधाच्या स्तुतीपर पुस्तक लिहिले. आपण त्याने बरे झालो असे त्याला वाटत होते; १५२३ साली तो त्याच आजाराने गेला. लाकूड ‘जीवनाचे लाकूड’ या लॅटिन अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्याचे फूल आज जमैकाचे राष्ट्रीय फूल आहे.

युरोपीयांनी स्वतःची नावे आणली आणि ती दिसेल त्याला चिकटवली. याचे गमतीदार उदाहरण म्हणजे आपला पानओवा. या वनस्पतीला ओव्याशी नाते नाही. ती तुळशीच्या कुळातली. पानाचा वास ओव्यासारखा, म्हणून मराठीत ती पानओवा झाली आणि तिच्या पानांची भजी ‘ओव्याच्या पानांची भजी’ झाली. कॅरिबियनमध्ये याच पानाला थाइम किंवा ओरेगानो या युरोपीय मसाल्यांची नावे मिळाली, आणि खोकल्यावर त्याचा काढा सर्वत्र दिला जातो. मात्र त्रिनिदादमध्ये ते ‘स्पॅनिश थाइम’, क्युबात ‘फ्रेंच ओरेगानो’, आणि अमेरिकेच्या बाजारात ‘क्युबन ओरेगानो’. प्रत्येकाच्या मते ते दुसऱ्याचे आहे! परकेपणाची जाणीव नावात टिकते आणि परका नेमका कोण हे मात्र बदलत राहते, ही गोष्ट शब्दांच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी.

लोकव्युत्पत्तीचे एक उदाहरण जंतांच्या औषधातून घेऊ. युरोपातील औषधविक्रेते जंतांवरच्या बियांना लॅटिनमध्ये ‘सेमेन कोन्ट्रा वेर्मेस’ म्हणत. अर्थ, ‘कृमींविरुद्धचे बी’. पुढे शेवटचा शब्द गळला आणि ‘सेमेन कोन्ट्रा’ उरले. कॅरिबियनमध्ये हे नाव चाकवताच्या कुळातील, उग्र वासाच्या एका अमेरिकी वनस्पतीला मिळाले, कारण तीही जंतांवर चाले. जमैकातील बोलीत त्याचे ‘सेमी-कॉन्ट्रॅक्ट’ झाले. लॅटिन न येणाऱ्या माणसाने अनोळखी ध्वनींना ओळखीच्या शब्दांचा आकार दिला. ‘अर्धा करार’ या अर्थाशी जंतांचा काही संबंध नाही. पण संबंध नसला तरी लोकव्युत्पत्तीचे काही अडत नाही. नाव उच्चारता आले, लक्षात राहिले, म्हणजे तिचे काम झाले.

याहून समृद्ध उदाहरण त्रिनिदादचे आहे. तेथे लांबट, दातेरी पानांची, कोथिंबिरीपेक्षा तीव्र वासाची एक पालेभाजी घरोघरी वाटणात आणि चटणीत पडते. ताप, सर्दी आणि विशेषतः आकडी यांवर तिचा उपयोग करतात. आकडीवरून तिला इंग्रजीत ‘फिटवीड’ असेही नाव आहे. फ्रेंच बोलणाऱ्यांना तिची काटेरी कड पाहून आपल्याकडील ‘शार्दों बेनी’, म्हणजे ‘आशीर्वादित काटेझाड’ या औषधी वनस्पतीची आठवण झाली आणि त्यांनी तेच नाव हिला दिले. फ्रेंच क्रिओलमध्ये ते ‘शादों बेनी’ झाले, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्यातून ‘शॅडो बेनी’ काढले. काटे गेले आणि सावली आली. भारतीय मजुरांनी तीच वनस्पती पाहिली तेव्हा त्यांना ना काटा आठवला ना आशीर्वाद. त्यांना वास आला तो धन्याचा. त्यांनी तिला ‘बनधनिया’ म्हटले. मराठीत रानतुळस, रानहळद ही नावे ज्या साच्यातून आली त्याच साच्यातून हे आले. वनस्पती मूळची अमेरिकेची. तिला एका बाजूने युरोपीय डोळ्यांनी नाव दिले आणि दुसऱ्या बाजूने भारतीय नाकाने. आज त्रिनिदादच्या बाजारात ही दोन्ही नावे चालतात, आणि कोणते नाव वापरले यावरून बोलणाऱ्याच्या घराचा अंदाज बांधता येतो.

कारल्याची गोष्ट थोडी वेगळी. जमैकात रानटी, लहान फळांच्या कारल्याला ‘सेरसी’ म्हणतात. फळ सहसा कोणी खात नाही. वेल आणि पाने वाळवून त्यांचा जहरासारखा कडू काढा ‘रक्त शुद्ध’ होण्यासाठी पितात. त्रिनिदाद-गयानात भारतीय वंशाच्या घरांत ‘कराइली’ची भाजी होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जात एकच. पण ‘सेरसी’ म्हटले की वेल, कडू आणि कपातले. ‘कराइली’ म्हटले की फळ, मसाला आणि ताटातले. शब्दकोशात हे दोन शब्द समानार्थी म्हणून दिले तर कोश बरोबर असूनही वाचक फसेल. फ्रेडरिक कॅसिडी व रॉबर्ट ली पेज यांचा जमैकन इंग्रजीचा कोश (१९६७) आणि रिचर्ड ऑलसॉप यांचा कॅरिबियन इंग्रजीचा कोश (१९९६) यांनी वनस्पतींच्या नावांवर एवढे कष्ट का घेतले, हे यावरून कळते.

भारतीय भाषांतून गेलेला सर्वांत प्रसिद्ध शब्द मात्र ‘गांजा’. जमैकात तो भारतीय मजुरांबरोबर आला आणि आफ्रिकी वंशाच्या शेतकऱ्यांच्या बोलीत इतका मुरला की आज तो तिकडचाच समजला जातो. ओढण्याबरोबरच तेथे त्याचा काढाही घरगुती औषध म्हणून दिला जात असे.

४. कोणाचे नाव उरले

आतापर्यंत वनस्पतीला मिळालेली नावे पाहिली. आता वनस्पतीला आपले नाव देणारा एक माणूस पाहू. पश्चिम आफ्रिकेतील अकान भाषिकांत मुलाला जन्मवारावरून नाव देण्याची प्रथा आहे. रविवारी जन्मलेला मुलगा क्वासी, बुधवारी जन्मलेला क्वाकू. आपल्याकडील सोम्या, मंगळ्या, बुधा ही नावे आठवा. असाच एक क्वासी अठराव्या शतकात सुरिनाममध्ये गुलाम होता. एका कडू झाडाच्या सालीने आणि मुळीने तो ताप उतरवत असे, आणि त्याची ख्याती गोऱ्या मळेवाल्यांपर्यंत पोहोचली. ती वनस्पती स्वीडनमध्ये लिनियसपर्यंत गेली, तेव्हा त्याने तिला ‘क्वासिया’ असे शास्त्रीय नाव दिले. गुलामगिरीत राहिलेल्या आफ्रिकी माणसाचे नाव वनस्पतिशास्त्रात असे कायम होणे ही फार दुर्मिळ गोष्ट आहे.

ही कथा गौरवाची म्हणून सांगितली जाते. मला ती तेवढी सरळ वाटत नाही. क्वासी पुढे मुक्त झाला, १७७६ साली हॉलंडमध्ये राजपुत्राने त्याचा सत्कार केला, जरतारी कोट दिला. पण मळ्यांतून पळून जंगलात स्वतंत्र वस्त्या करणाऱ्या लोकांविरुद्ध तो वसाहतीच्या बाजूने काम करत होता. त्यांपैकी सारामाका समाजाच्या मौखिक इतिहासात तो फितूर म्हणून स्मरणात आहे. त्यांच्या पूर्वजांनी त्याचा कान कापला, असे ते सांगतात. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड प्राइस यांनी ही परंपरा १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदवली. कोणाचे नाव ग्रंथात गेले हे त्याच्या ज्ञानावर जितके ठरले तितकेच तो कोणाच्या जवळ होता यावरही ठरले.

याच सुरिनाममध्ये मारिया सिबिला मेरियान ही जर्मनीत जन्मलेली चित्रकार व निसर्गअभ्यासक १६९९ ते १७०१ या काळात राहिली. तिच्या १७०५ सालच्या ग्रंथात एका फुलझाडाचे सुंदर चित्र आहे, आणि सोबत एक नोंद. डच मालकांच्या छळाखाली असलेल्या गुलाम स्त्रिया या झाडाच्या बियांनी गर्भपात घडवून आणतात, आपली मुले आपल्यासारखी गुलाम होऊ नयेत म्हणून. आणि हे त्यांनीच आपल्याला सांगितले, असे मेरियान लिहिते. हे झाड तुमच्या ओळखीचे आहे. मराठीत त्याला शंकासुर म्हणतात. लाल-पिवळ्या फुलांचा शंकासुर आपल्याकडे शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या कुंपणाशी सर्रास दिसतो. बार्बाडोसमध्ये त्याला ‘प्राइड ऑफ बार्बाडोस’ म्हणतात आणि ते तेथील राष्ट्रीय फूल आहे.

इतिहासकार लोंडा शीबिंगर यांनी या नोंदीवरून एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. हे झाड युरोपच्या बागांत पोहोचले, त्याचे नाव पोहोचले, चित्र पोहोचले. पण त्या स्त्रियांचे ज्ञान युरोपीय वैद्यकाच्या ग्रंथांत रुजले नाही. ज्ञान वाहून नेताना काय गाळले जाते, हा प्रश्न त्यांनी विचारला. भाषेच्या अंगाने पाहिले तर ‘प्राइड’, ‘मोराचे फूल’ ही नावे शोभेची आहेत. त्या स्त्रिया आपापसात त्याला काय म्हणत, तो शब्द मेरियानच्या पानावर नाही.

उपचार करणाऱ्या माणसांना कोणते नाव मिळाले हेही पाहण्यासारखे आहे. जमैकात सैनिकांची व खलाशांची शुश्रूषा करणाऱ्या कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्त्रियांना ‘डॉक्ट्रेस’ म्हणत. क्रिमियन युद्धातील कामामुळे प्रसिद्ध झालेल्या मेरी सीकोल (जन्म १८०५) यांची आई किंग्स्टनमध्ये अशीच डॉक्ट्रेस होती. याच्या उलट ‘ओबिआ’ हा शब्द. १७६० साली टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांचे बंड झाले आणि त्यानंतर जमैकात ओबिआविरुद्ध कायदा आला. मंत्र, शाप, संरक्षण आणि उपचार हे सारे या एका शब्दात कोंबले गेले. आपल्याकडे ‘भगत’ हा शब्द आदिवासी पाड्यावर जो अर्थ वाहतो तो शहरात येईपर्यंत कसा बदलतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. अर्थापकर्षाचा अभ्यास करताना, अपकर्ष कोणाच्या तोंडी झाला हेही विचारावे.

५. सदाफुलीचा प्रवास

सदाफुली मूळची मादागास्करची. इंग्रजीत तिला ‘पेरिविंकल’ म्हणतात, आणि हेही उसने नाव. युरोपातील ‘विन्का’ नावाच्या वेगळ्याच वनस्पतीशी असलेल्या साम्यामुळे ते हिला मिळाले. जमैकात तिच्या पानांचा काढा ‘शुगर’वर घेत. १९५२ साली टोरांटोतील क्लार्क नोबल या डॉक्टरांना जमैकातील त्यांच्या एका रुग्णाकडून पाकिटातून सदाफुलीची २५ पाने आली. त्यांनी ती ऑन्टारिओतील विद्यापीठात संशोधन करणारे आपले बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठवली. मधुमेहासाठी पानांच्या अर्काचा उंदरांवर प्रयोग केला, तर रक्तातील साखरेवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. मात्र पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणे हे रक्ताच्या कर्करोगाचे लक्षण. रॉबर्ट नोबल व रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी १९५८ पर्यंत त्यातून ‘व्हिन्ब्लास्टिन’ वेगळे काढले. त्याच वनस्पतीतून पुढे मिळालेले ‘व्हिन्क्रिस्टिन’ लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरले जाते.

औषधांच्या नावांकडे पाहा. ‘व्हिन्’ हे ‘विन्का’चे. शास्त्रज्ञांनी सदाफुलीला त्या गटातून काढून वेगळे शास्त्रीय नाव दिले, तरी औषधांच्या नावात ती जुनी गल्लत कायमची गोठली. जमैकातील घरगुती काढा मात्र या नावांत कोठेच नाही. आणि दुसरे असे की प्रयोगाने लोकसमजुतीला जसाच्या तसा दुजोरा दिला नाही; ती एका अर्थी चुकली आणि दुसऱ्या, कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या अर्थी खरी ठरली. पांढऱ्या पेशी पाडणारा हा पाला घरी उकळून पिणे धोक्याचे आहे, हेही त्याच प्रयोगाने दाखवले.

६. जेथे नाव पुरे पडत नाही

१९५० च्या दशकात जमैकातील डॉक्टरांना लहान मुलांत एक विचित्र विकार दिसू लागला. पोट फुगे, यकृत वाढे, आणि काही मुले दगावत. यकृतातील बारीक शिरा बंद पडत होत्या. ब्रास, जेलिफ आणि स्टुअर्ट यांनी १९५४ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्याचा माग बुश-टीपर्यंत लागला. काढ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही वनस्पतींत, विशेषतः खुळखुळ्याच्या वर्गातील वनस्पतींत, यकृताला मारक असे विष असते. वाळलेल्या शेंगा वाजतात म्हणून मराठीत खुळखुळा. इंग्रजीतील आणि ग्रीकवरून आलेले शास्त्रीय नावही त्याच आवाजावरून. तिन्ही भाषांनी आवाज ऐकला. विषाची सूचना एकाही नावात नाही.

आता मागे सांगितलेल्या ‘बुश’ या शब्दाकडे परत या. आई तापलेल्या मुलाला दवाखान्यात आणते. ‘काय दिले?’ या प्रश्नाला ‘बुश-टी’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्या शब्दात गवती चहाही येतो आणि खुळखुळाही. समूहवाचक शब्द घरात सोयीचा असतो, कारण घरातल्यांना कोणता पाला ते ठाऊक असते. घराचा उंबरा ओलांडला की तोच शब्द माहिती लपवतो. लपवण्याचा हेतू कोणाचाही नसतो.

या अडचणीवर पद्धतशीर काम झाले ते ‘ट्रामिल’ या जाळ्यातून. १९८२ साली हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक येथून त्याची सुरुवात झाली. ‘ही वनस्पती कशासाठी वापरता?’ असे न विचारता हे संशोधक ‘या आजारावर तुम्ही काय करता?’ असे विचारतात. ज्या उपायाचा उल्लेख किमान २० टक्के घरांतून येतो, तोच पुढे तपासला जातो. सांगणाऱ्याने दिलेले स्थानिक नाव जसेच्या तसे लिहून घेतात, त्याच रोपाचा नमुना वाळवून संग्रहात ठेवतात, कोणता भाग, किती, कसा आणि किती दिवस हे नोंदवतात. नंतर प्रयोगशाळेतील तपासणीवरून तो वापर शिफारशीचा, विषारी किंवा अधिक अभ्यासाची गरज असलेला असे ठरवले जाते. यातील निर्णय वनस्पतीबद्दल नसतो, विशिष्ट वापराबद्दल असतो. पानाचा लेप चांगला आणि त्याच पानाचा काढा वाईट, असे होऊ शकते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. शब्द, वस्तू आणि वापर यांना एकाच नोंदीत बांधून ठेवण्याची ही शिस्त आहे. बोलीच्या कोशकाराकडूनही आपण तिचीच अपेक्षा करतो.

शेवटी एक उदाहरण, जे आता आपल्या दारापर्यंत आले आहे. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही झाडे मूळची उष्ण अमेरिकेची; आपण त्यांना रामायणातील नावे देऊन घरचे करून घेतले. त्याच वर्गातील तिसरे काटेरी फळ इंग्रजी कॅरिबियनमध्ये ‘सॉरसॉप’, फ्रेंच बेटांवर ‘कोरोसोल’. आपल्याकडे जोडी पुरी करायची म्हणून ते लक्ष्मणफळ झाले. काही जण त्याला मामफळ म्हणतात, काही हनुमानफळ. कॅरिबियन घरांत त्याच्या पानांचा काढा झोप येण्यासाठी आणि ‘प्रेशर’साठी घेतात. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ग्वादलूप बेटावरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे कंपवातासारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या विकाराचे रुग्ण युरोपातील प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक आढळले, आणि त्यांचा संबंध या वर्गातील फळे व पानांचे काढे यांच्या दीर्घकाळच्या सेवनाशी असल्याचे दिसले. त्यातील एक द्रव्य चेतापेशींना घातक असल्याचे पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. कार्यकारणसंबंध पूर्ण सिद्ध झालेला नसला तरी सावधगिरीला एवढे कारण पुरेसे आहे.

आपल्याकडे या फळाची पाने आणि गर ‘कर्करोगावरचे फळ’ म्हणून विकले जातात, मोबाइलवरून संदेश फिरतात. त्या संदेशांत नाव असते, गुण असतो; किती दिवस घ्यायचे, कोणी टाळायचे, ग्वादलूपमध्ये काय दिसले, यांतले काही नसते. जमैकातल्या आजीच्या ‘सॉरसॉप’ या शब्दाभोवती तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा दोन-तीन पिढ्यांचा अनुभव होता, आणि तोही पुरा पडला नाही. ‘लक्ष्मणफळ’ या आपल्या नव्या शब्दाभोवती तेवढाही नाही.

उपक्रम

तुमच्या गावातील किंवा वस्तीतील तीन वयस्क व्यक्तींना, शक्यतो वेगवेगळ्या समाजांतील, ‘ताप आला तर पूर्वी घरी काय करत?’ असा प्रश्न विचारा. वनस्पतीचे नाव तुम्ही सुचवू नका. सांगणाऱ्याचा उच्चार जसा असेल तसा लिहा, प्रमाण मराठीत बदलू नका. रोप प्रत्यक्ष दाखवण्याची विनंती करा व त्याचे पान कागदावर दाबून नोंदीसोबत ठेवा. दोन व्यक्तींनी एकच नाव सांगून निराळी रोपे दाखवली, तर ती नोंद वगळू नका. अभ्यासकेंद्रावरील चर्चेसाठी सर्वप्रथम तीच आणा. कोणताही पाला स्वतः चाखून पाहू नये.